जुन्या बुलेटचा ब्रीदर आणि एअर फिल्टर

ओतीव लोखंडी सिलिंडर असलेल्या जुन्या बुलेटच्या इंजिनाखाली तेलाचा डाग दिसला, की बहुतेक ठिकाणी पहिला उपाय पॅकिंग बदलण्याचा होतो, आणि नवे पॅकिंग बसवूनही काही दिवसांत त्याच सांध्यातून तेल पाझरू लागले, की त्यावर सीलंटचा जाड थर चढवला जातो. या दुरुस्तीत सांध्याकडे लक्ष दिले जाते, पण आतून तेल बाहेर ढकलणाऱ्या दाबाचा विचार क्वचितच होतो. हा दाब क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक आणि फ्लायव्हील ज्या बंदिस्त पेटीत फिरतात तिच्यात तयार होतो, आणि तो बाहेर सोडण्याचे काम ब्रीदर नावाची एक छोटी झडप व तिला जोडलेली नळी करते. ब्रीदर बिघडला की तेलाची वाफ एअर फिल्टरपर्यंत पोचून तो तुंबवते, फिल्टर तुंबला की कार्ब्युरेटरमधले पेट्रोल-हवेचे प्रमाण बिघडते, आणि बिघडलेल्या मिश्रणामुळे रिंगा व बोअर झिजून क्रँककेसमधला दाब आणखी वाढतो. म्हणूनच या दोन भागांची दुरुस्ती एकत्रच करणे इष्ट असते. एक भाग दुरुस्त करून दुसरा तसाच सोडला तर तक्रार परत येते.

बुलेटच्या बाबतीत हा प्रश्न विशेष ठळक होण्याचे कारण तिच्या वयात आहे. इंग्लंडमधील रेडिच येथे तयार झालेल्या या गाडीचे उत्पादन भारतात करण्यासाठी १९५५ साली मद्रास मोटर्स आणि मूळ ब्रिटिश कंपनी यांच्या भागीदारीतून एनफिल्ड इंडिया ही कंपनी स्थापन झाली आणि तिचा कारखाना मद्रासजवळ तिरुवोट्टियूर येथे उभा राहिला. पुढे रेडिचचा कारखाना बंद पडला, पण भारतातील ३५० सीसीचे लोखंडी इंजिन किरकोळ फेरफारांसह २०१०च्या सुमारापर्यंत बनत राहिले. साहजिकच क्रँककेसमधील वायू कसा सोडावा याविषयीची त्यातली मूळ कल्पना विसाव्या शतकाच्या मध्यावरची आहे आणि नंतरच्या वर्षांतील प्रदूषणविषयक गरजा तिच्यावर वरून जोडल्या गेल्या आहेत. जुन्या बुलेटमध्ये ब्रीदरच्या नळ्यांची मांडणी वर्षावर्षाला वेगळी दिसते, याचे कारणही हेच.

या इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनच्या वरखाली जाण्याचे अंतर, ९० मिलिमीटर आहे, त्यामुळे पिस्टन एकदा खाली येताना आपल्याखालची सुमारे ३४६ घन सेंटिमीटर हवा दाबतो आणि वर जाताना तेवढीच जागा पुन्हा मोकळी करतो. पिस्टनच्या वरच्या बाजूला स्फोट होऊन गाडी चालते हे सर्वांना ठाऊक असते, पण त्याची खालची बाजू त्याच वेळी लोहाराच्या भात्यासारखी क्रँककेसमधली हवा ढकलत आणि ओढत असते, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर ही क्रिया सेकंदाला ५० वेळा घडते, म्हणजे दर सेकंदाला सुमारे सतरा लिटर हवा आत-बाहेर होण्याची धडपड करते. चार सिलिंडरांच्या सामान्य इंजिनात दोन पिस्टन वर जाताना दोन खाली येतात आणि ही हवा बव्हंशी आतल्या आत सरकते. एका सिलिंडरच्या इंजिनात मात्र तिला तशी जागाच मिळत नाही.

यावरचा उपाय म्हणून ब्रीदरमध्ये एकाच दिशेने उघडणारी झडप बसवलेली असते. ती काही मॉडेलांत पातळ चकतीची, तर काहींत बदकाच्या चोचीच्या आकाराच्या रबराची असते. पिस्टन खाली आला की झडप उघडून हवा बाहेर जाते आणि पिस्टन वर जाऊ लागला की झडप मिटते, त्यामुळे बाहेरची हवा परत आत येत नाही. असे काही फेरे झाले की क्रँककेसमधला सरासरी दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा किंचित कमी राहतो, आणि मग जुने, थोडे कमकुवत पॅकिंगही तेल धरून ठेवते, कारण सांध्यापाशी तेलाचा कल बाहेर येण्यापेक्षा आतच राहण्याकडे असतो. झडप कडक होऊन किंवा कचरा अडकून बंद राहिली तर दाब साठतो व ऑइल सील आणि पॅकिंग यांच्यातून वाट काढतो; उघडीच राहिली तर दाब फारसा साठत नाही, पण इंजिन प्रत्येक फेऱ्यात बाहेरची दमट आणि धुळीची हवा आत ओढू लागते आणि आतील किंचित कमी दाबाचा फायदाही नाहीसा होतो.

पिस्टनच्या या हालचालीत आणखी एक भर पडते. रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी जळणाऱ्या मिश्रणाचा थोडा भाग त्यांच्या कडेने खाली उतरतो, आणि या गळून आलेल्या वायूला ब्लो-बाय म्हणतात. त्यात न जळलेले पेट्रोल, नायट्रोजनची ऑक्साइडे, काजळी आणि मुख्य म्हणजे पाण्याची वाफ असते. एक लिटर पेट्रोल पूर्ण जळले की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते, फक्त ते वाफेच्या रूपात सायलेन्सरमधून निघून जात असल्याने डोळ्यांना दिसत नाही. त्यातला जो अंश क्रँककेसमध्ये उतरतो तो इंजिन पूर्ण तापले तर ब्रीदरवाटे बाहेर पडतो, पण घर ते बाजार एवढ्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीचे जड लोखंडी इंजिन तितके तापतच नाही, आणि मग पावसाळ्याच्या दिवसांत तेलाच्या टोपणाखाली व ब्रीदरच्या नळीत पिवळट पांढरा, चिकट थर जमतो. हा थर पाहून हेडचे पॅकिंग गेले असा निष्कर्ष पाणी फिरवून थंड होणाऱ्या मोटारगाडीत बरोबर ठरू शकतो. हवेने थंड होणाऱ्या बुलेटमध्ये तो काढणे हास्यास्पद आहे, कारण या इंजिनात फिरवण्यासाठी पाणीच नसते.

एके काळी हा सगळा वायू सरळ रस्त्यावर सोडला जाई आणि तेलाचे थेंब मागच्या साखळीवर पडून तिला आपोआप वंगण मिळते, हा त्याचा फायदाच मानला जाई. लॉस एंजेलिसच्या धुरकट हवेचा अभ्यास झाल्यानंतर क्रँककेसमधून निघणारे हायड्रोकार्बन वायू हा मोटारींच्या प्रदूषणाचा लक्षणीय भाग असल्याचे स्पष्ट झाले, आणि कॅलिफोर्नियात १९६१ साली घेतलेल्या निर्णयानुसार १९६३च्या मोटारींपासून हा वायू पुन्हा इंजिनात नेऊन जाळण्याची सोय सक्तीची झाली. हीच कल्पना पुढे मोटारसायकलींत आली, आणि बुलेटच्या नंतरच्या मॉडेलांत ब्रीदरची नळी प्रथम एका छोट्या डबीकडे व तेथून एअर फिल्टरच्या खोक्याकडे नेण्यात आली. या डबीला कारागीर कॅच कॅन म्हणतात; तेलाचे थेंब तिच्यात खाली बसावेत, ते इंजिनात परत जावेत आणि उरलेली वाफ फिल्टरच्या खोक्यातून कार्ब्युरेटरकडे ओढली जावी, अशी अपेक्षा असते. इंजिन नवे असताना ती पुरीही होते. इंजिन जुने झाले, ब्लो-बाय वाढला आणि डबीच्या परतीच्या नळीत चिकट थर साचला, की डबी भरते आणि तेल थेट फिल्टरवर येऊन पडते. फिल्टरचे खोके उघडल्यावर तळाशी तेलाचे थारोळे आढळते ते बहुधा याच वाटेने आलेले असते.

तरीही प्रत्येक वेळी दोष ब्रीदरचाच असेल असे नाही, आणि येथे बुलेटच्या वंगण-रचनेचे एक वैशिष्ट्य समजून घ्यावे लागते. तिचे तेल क्रँकखालच्या तळात साठून राहत नाही. क्रँककेसच्याच ओतकामात मागच्या बाजूला तेलाची वेगळी टाकी असते, एक पंप टाकीतून तेल बेअरिंगांकडे पाठवतो आणि दुसरा पंप फ्लायव्हीलच्या कप्प्यात गळलेले तेल उपसून टाकीत परत नेतो. गाडी बरेच दिवस उभी राहिली आणि पंपाच्या चकत्या झिजलेल्या असल्या, तर टाकीतले तेल हळूहळू पंपातून पाझरून फ्लायव्हीलच्या कप्प्यात उतरते, यालाच वेट सम्पिंग म्हणतात. अशा स्थितीत काडी काढून पाहिली तर टाकीत तेल कमी दिसते, गाडीमालक त्यात पाव-अर्धा लिटर ओततो, आणि इंजिन सुरू होताच कप्प्यातले जादा तेल फ्लायव्हीलने घुसळले जाऊन ब्रीदरमधून भसाभस बाहेर येते. सुमारे सव्वादोन लिटर तेलाच्या या इंजिनात एवढी भर फार होते. म्हणून तेलाची पातळी थंड इंजिनात कधीच ठरवू नये. गाडी दहा-पंधरा मिनिटे चालवून, इंजिन बंद करून, तेल बसण्यासाठी थोडा वेळ देऊन मगच काडी पाहावी. बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीच्या क्रँककेसचा तळाचा प्लग काढून किती तेल निघते हे मोजले तर पंपाची अवस्थाही कळते. अर्धा कप तेल निघाले तर काळजीचे कारण नाही, टाकीतले बरेचसे तेल तेथेच सापडले तर मात्र पंपाच्या चकत्या त्यांच्या बैठकीवर घासून घ्याव्या लागतात.

पातळी योग्य असूनही तेल बाहेर येत असेल तर झडपेची परीक्षा करावी, आणि तिला कोणतेही यंत्र लागत नाही. इंजिन मंद चालीवर ठेवून ब्रीदरच्या नळीच्या उघड्या टोकाशी दुधाच्या पिशवीचा कापलेला पातळ तुकडा चिमटीत धरावा. झडप नीट असेल तर तुकडा प्रत्येक ठोक्याला बाहेरच्या बाजूस फडफडतो आणि मधल्या वेळात सैल लोंबतो; झडप उघडी राहत असेल तर तो नळीच्या तोंडाला चिकटतो व सुटतो, पुन्हा चिकटतो. काहीच हालचाल नसेल तर नळी किंवा झडप तुंबलेली आहे असे समजावे. हीच परीक्षा नळीचे टोक पाण्यात बुडवून करण्याची एक पद्धत आहे, पण झडप खराब असली तर इंजिन ते पाणी नळीत ओढून घेते, त्यामुळे ती टाळलेलीच बरी.

झडप काढून रॉकेलने धुवावी आणि तिच्यातून तोंडाने फुंकून व ओढून पाहावे. रबरी चोचीच्या कडा उष्णतेने आणि तेलाने ताठ झाल्या असतील, त्यांना चीर गेली असेल किंवा त्या उलट्या दुमडून बसल्या असतील तर धुण्याचा उपयोग होत नाही. हा भाग स्वस्त आहे आणि तो बदलणे हाच उपाय. चकतीची झडप असेल तर चकतीखालची बैठक सपाट आहे का, तिच्यावर सीलंटचा कण अडकला आहे का, हे पाहावे, कारण मागच्या दुरुस्तीत सढळ हाताने लावलेला सीलंट आत ओघळून नेमका येथेच येऊन बसलेला अनेकदा सापडतो. मूळ भाग मिळत नाही म्हणून दुसऱ्या यंत्राची एकदिशा झडप बसवताना तिची स्प्रिंग कडक नसावी. जी झडप उघडायलाच मोठा दाब लागतो ती बसवून दाब कमी होईल अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे. अशा झडपेवर बहुधा दिशेचा बाण असतो आणि तो इंजिनाकडून बाहेर दाखवणारा असावा लागतो.

नळीच्या बाबतीत तीन गोष्टी हमखास चुकतात. पहिली म्हणजे जाडी: हाताशी आहे म्हणून पेट्रोलची बारीक नळी बसवली जाते, तिच्यातून सेकंदाला पन्नास वेळा येणारा हवेचा लोट जाऊ शकत नाही आणि झडप नवी असूनही दाब साठतो. दुसरी म्हणजे वाट: नळी झडपेपासून आधी वर चढत गेली पाहिजे, कारण त्या चढात वाफ थंड होऊन तेलाचे थेंब आतल्या बाजूस सुटतात व उरलेली हवा तुलनेने कोरडी होऊन पुढे जाते, नळी मध्येच खाली लोंबत असेल तर त्या झोळात पाणी आणि तेल साचून नळीला बूच बसते. तिसरी म्हणजे शेवट. जिथे मूळ रचना वाफ फिल्टरच्या खोक्यात नेते तिथे ती उघड्यावर सोडणे म्हणजे प्रदूषणाच्या दृष्टीने सत्तर वर्षे मागे जाणे आहे, आणि नळीचे टोक मागच्या चाकाजवळ आले तर ओल्या वळणावर टायरवर पडलेले तेल जिवावर बेतू शकते. त्यापेक्षा मूळची डबी उघडून, तिचा परतीचा मार्ग तारेने मोकळा करून, रॉकेलने धुऊन पुन्हा बसवावी, आणि इंजिन जुने असल्याने ती लवकर भरते हे मान्य करून प्रत्येक सर्व्हिसिंगला रिकामी करावी. पुष्कळ जपानी धर्तीच्या गाड्यांत फिल्टरच्या खोक्याखाली बूच लावलेली एक छोटी नळी याच कामासाठी दिलेली असते. ती कधीच उघडली जात नाही.

ब्रीदर मार्गी लागल्याशिवाय एअर फिल्टर बदलणे हा खर्च वाया जातो, पण ब्रीदरनंतर फिल्टरकडे वळणे अपरिहार्य असते. पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी वजनाने १४.७ पट हवा लागते, म्हणजे एका लिटर पेट्रोलसाठी सुमारे नऊ हजार लिटर हवा. लिटरला ३५ किलोमीटर देणारी गाडी प्रत्येक किलोमीटरला अडीचशे लिटरहून अधिक हवा आत घेते. रस्त्याच्या धुळीतील वाळूचे कण क्वार्ट्झचे असतात, खनिजांच्या काठिण्याच्या मोहस् मापनश्रेणीत क्वार्ट्झ सातव्या क्रमांकावर आहे, आणि ओतीव लोखंड त्यापेक्षा बरेच मऊ आहे. रिंग आणि बोअर यांच्यामधला तेलाचा थर काही मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे काही हजारावे भाग इतकाच असतो. त्याहून मोठा कण आत शिरला की तो बोअरवर उभ्या रेघा ओढतो. ऊसतोडणीच्या हंगामात बैलगाड्या आणि ट्रॅक्टरांच्या मागून कच्च्या रस्त्याने रोज जाणाऱ्या गाडीला पुस्तिकेतले फिल्टर-सफाईचे अंतर लागू पडत नाही, ते निम्म्यावर आणावे लागते.

फिल्टर तुंबला की हवा कमी आणि पेट्रोल तेवढेच, असे मिश्रण होते आणि त्याला रिच मिश्रण म्हणतात. त्याची लक्षणे कारागिरांच्या परिचयाची आहेत: पिकअप जातो, ॲव्हरेज पडते, प्लग कोरड्या काजळीने काळा होतो आणि सायलेन्सरमधून काळा धूर येतो. शिवाय न जळलेले पेट्रोल बोअरवरचे तेल धुऊन काढते आणि क्रँककेसमध्ये उतरून तेल पातळ करते. येथे होणारी मोठी चूक म्हणजे फिल्टर न पाहता कार्ब्युरेटरची सुई खाली घेणे किंवा लहान जेट बसवणे. पुढे कधी फिल्टर साफ झाला की तेच मिश्रण पेट्रोल कमी असलेले, म्हणजे लीन होते, इंजिन जास्त तापते आणि मग नव्याने जेट शोधण्याचा खेळ सुरू होतो. कार्ब्युरेटरला हात लावण्याआधी फिल्टर साफ असला पाहिजे, हा क्रम मोडू नये.

सफाईची पद्धत फिल्टरच्या प्रकारावर ठरते. स्पंजचा, म्हणजे फोमचा फिल्टर रॉकेलमध्ये दाबून धुवावा, नंतर साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन सावलीत पूर्ण वाळवावा. तो कपड्यासारखा पिळला तर फाटतो, आणि पेट्रोलने धुतला तर आगीचा धोका असतोच, शिवाय चिकटवलेले जोड सुटतात. वाळलेला फोम तसाच बसवणे हा अर्धवट उपाय आहे, कारण फोमची छिद्रे धूळ अडवण्याइतकी बारीक नसतात. धूळ अडते ती त्यांच्यावरच्या तेलाच्या थरात. म्हणून फिल्टरचे खास तेल किंवा गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेले इंजिन ऑइल त्यात मुरवून, जादा तेल दोन्ही तळव्यांत दाबून काढून टाकावे. कागदाच्या फिल्टरचे याच्या नेमके उलट आहे: तो कोरडाच राहिला पाहिजे, हलके आपटून किंवा कमी दाबाच्या हवेने आतून बाहेर झटकता येतो, पण ब्रीदरच्या तेलाने भिजला असेल तर बदलावाच लागतो. भिजलेला कागद उन्हात वाळवला की पूर्ववत होतो ही समजूत निराधार आहे. पाणी उडून जाते, तेल जात नाही.

फिल्टर स्वच्छ असूनही धूळ आत जाण्याची एक वाट उरते आणि ती शोधण्यासाठी बोट पुरते. फिल्टरच्या खोक्यातून कार्ब्युरेटरकडे जाणारी रबरी नळी काढून तिच्या आतल्या भिंतीवर बोट फिरवावे आणि अंगठ्यावर चोळून पाहावे. तेलाचा पातळ ओशटपणा लागला तर ठीक. करकर जाणवली तर हवा फिल्टरला वळसा घालून येत आहे. अशा वेळी नळीची चीर, सैल क्लिप, खोक्याच्या झाकणाचे वाळलेले पॅकिंग किंवा फिल्टरच्या कडेची न बसलेली किनार यांपैकी काही तरी कारण निघते, आणि किनारीवर ग्रीसचा पातळ हात फिरवला तर सांधा बराच सुधारतो. कार्ब्युरेटर आणि हेड यांच्यामधल्या सांध्यातील गळती वेगळी ओळखावी. तेथून आलेल्या हवेला पेट्रोल मिळालेले नसते, त्यामुळे मिश्रण लीन होते आणि इंजिनाची मंद चाल कमी-जास्त होत राहते. त्या सांध्यावर फवाऱ्याने पाण्याचे तुषार मारले असता चालीचा आवाज बदलला, तर गळती तेथेच आहे. आवाज दमदार होतो म्हणून संपूर्ण खोके काढून कार्ब्युरेटरच्या तोंडाला उघडा शंकूसारखा फिल्टर लावण्याची हौस आहे. तिच्यामुळे जेट बदलावे लागतात, ब्रीदरची वाफ कुठे न्यायची हा प्रश्न नव्याने उभा राहतो आणि कोकणातल्या पावसात हा फिल्टर तासाभरात भिजतो, म्हणून रोजच्या वापराच्या गाडीला ती परवडणारी नाही.

हे सर्व करूनही ब्रीदरमधून वाफेचा जोराचा लोट येत राहिला तर दोष रिंगा आणि बोअर यांच्याकडे जातो. निळा धूर इंजिनावर भार असताना सतत येत असेल तर रिंगांचा संशय घ्यावा. घाट उतरताना थ्रॉटल बंद ठेवून, पायथ्याशी तो पुन्हा उघडताच निळ्या धुराचा एक झोत आला तर तेल व्हॉल्व्हच्या गाइडमधून उतरत असते आणि त्याचा ब्रीदरशी थेट संबंध नसतो. खात्रीसाठी प्लग काढून आधी कॉम्प्रेशन मोजावे, मग प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजावे: आकडा ठळकपणे वाढला तर रिंगांच्या कडेने गळती आहे, कारण तेलाने ती फट तात्पुरती बुजते, न वाढला तर व्हॉल्व्ह पाहावेत. रिंगा गेल्या असतील तर नुसत्या नव्या रिंगा झिजलेल्या, लंबगोल झालेल्या बोअरमध्ये टिकत नाहीत, बोअर करून त्याच्या मापाचा ओव्हरसाइझ पिस्टन घालावा लागतो. त्यानंतरही पहिले काही शे किलोमीटर, नव्या रिंगा बोअरवर बसेपर्यंत, ब्लो-बाय नेहमीपेक्षा अधिकच असतो. या काळात कॅच कॅन लवकर भरणे आणि ब्रीदरच्या नळीत तेलाचा ओलावा दिसणे अपेक्षित आहे, तेवढ्यावरून काम बिघडले असे ठरवून इंजिन पुन्हा खोलण्याची घाई करू नये.